ताटाच्या कडेची चटणी

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. शाळा सकाळची, त्यामुळं मुलं साडेदहालाच घरी गेली होती. आम्ही शिक्षक मंडळी निकालपत्रकं भरत बसलो होतो. बाराच्या सुमारास वीज गेली, पंखे थांबले आणि स्टाफरूममधल्या सगळ्यांच्या पेना एकदमच खाली ठेवल्या गेल्या. तेवढ्यात आमच्या शेजारी बसणाऱ्या ताई म्हणाल्या, "चल गं, आज डबा राहू दे. मुरूमगाव रोडवर नवीन हॉटेल निघालंय. तिथं जेवू."

ताई आमच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. गोंड समाजाच्या, धानोरा तालुक्यातल्याच एका आतल्या गावच्या. सतरा वर्षं आमच्या दोघींचे डबे एकाच टेबलावर उघडले. ३१ मेला त्या निवृत्त होणार होत्या. आम्ही जरा घुटमळलो, तर म्हणाल्या, "सतरा वर्षांत एकदाही तुझ्यासोबत हॉटेलात बसले नाही. आता कधी बसायचं?"

या सदराच्या वाचकांना आमची 'आम्ही' म्हणायची सवय माहीत आहेच. घरात 'हम' म्हणत वाढलो, ते मराठीत आलं तेव्हा 'आम्ही' झालं. आज मात्र 'आम्ही' आणि 'आम्ही दोघी' असे दोन प्रकार येणार आहेत, एवढं ध्यानात ठेवावं.

तर आम्ही घुटमळलो. "बाहेर जेवू" हे शब्द ऐकले की आपल्या घरातल्या बाईच्या मनात एक यादी सुरू होते. कोंबडी कुणी कापली? बिस्मिल्लाह म्हणून कापली का? कढई एकच आहे की वेगळी? भाजीत तीच पळी फिरते का? ही यादी तोंडावर येत नाही, मनातच फिरत राहते. मग तोंडातून वेगळंच काहीतरी निघतं. "आज पोट बरं नाही." "डॉक्टरांनी मसालेदार बंद केलंय." "घरून जेवूनच निघाले." सतरा वर्षांत सहली झाल्या, प्रशिक्षणं झाली, कुणाची बढती, कुणाच्या मुलाचं लग्न. दर वेळी आमचं पोट बिघडलेलं. सहकाऱ्यांना खरंच वाटत असेल की या बाईला पोटाचा काहीतरी जुना आजार आहे.

विचारायला लाज वाटायची, हे खरं कारण. विचारलं तर समोरच्याला वाटेल की आम्ही त्याचं अन्न हलकं समजतो. आणि दुसरी भीती अशी की विचारलं की सगळ्यांच्या नजरा आपल्याकडं वळतील. धानोऱ्यासारख्या लहान गावात आपली घरं मोजकी. तिथं वेगळं दिसायचं नाही, असं आपण लहानपणापासूनच शिकलेलो असतो.

पण ताईंना त्या दिवशी नाही म्हणवेना. दोघी निघालो.

आमच्या जिल्ह्यात बाहेर जेवायचं म्हटलं की एक काळजी मात्र नसते. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. बाहेरच्या जिल्ह्यात गेलं की 'बार अँड रेस्टॉरंट'ची पाटी वाचून मुलांना घेऊन मागं फिरावं लागतं. चोरून काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी जेवायच्या जागी शेजारच्या टेबलावर बाटली दिसत नाही, हे आपल्यासारख्यांना मोठं सुख आहे.

हॉटेल नवीन असलं तरी साधंच. पुढं टिनाचा मांडव, आत सहा टेबलं, एक कूलर. पाटी होती 'शुद्ध शाकाहारी व मांसाहारी भोजनालय'. मराठी शिकवणाऱ्या माणसाचा हात अशा वेळी लाल पेनाकडं जातो. ताई म्हणाल्या, "राहू दे, आज परीक्षा संपली." गल्ल्यामागच्या भिंतीवर अन्न परवान्याचा कागद फ्रेम करून लावला होता, त्यावरचा चौदा आकडी नंबर स्पष्ट वाचता येत होता. ते पाहून बरं वाटलं. कुठल्याही नव्या जागी आम्ही आधी तो कागद आणि मग हात धुवायची जागा बघतो. बेसिन कोरडं आणि स्वच्छ होतं, साबणही होता.

हॉटेल इथं चालेल का, असं आम्ही वाटेत म्हणालो होतो. आत गेल्यावर उत्तर मिळालं. एका टेबलावर छत्तीसगडकडं निघालेले ट्रकवाले, दुसऱ्यावर तहसीलच्या कामाला आलेली माणसं, तिसऱ्यावर पाठीवर पिशव्या घेतलेली चार-पाच पोरंपोरी. ती मेंढा-लेखा बघायला आली होती. धानोऱ्याला लागून असलेलं हे लहानसं गाव. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, म्हणून शिकणारी मुलं लांबून येतात. त्या गावची ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकालाही पटलं नाही तर विषय थांबतो, पुन्हा बोलणं होतं. शाळेत आम्ही हे मुलांना दरवर्षी सांगतो. त्याचा आपल्या जेवणाच्या ताटाशी काही संबंध असेल, असं तेव्हा डोक्यात नव्हतं.

ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा आमचाच विद्यार्थी निघाला. पाच वर्षांपूर्वी आठवीत होता. "नमस्ते मॅडम" म्हणून लाजून उभा राहिला. मग तोंडपाठ सांगू लागला. "साधी थाळी, अंडाकरी थाळी, चिकन थाळी, मच्छी थाळी."

आम्ही सवयीनं म्हणालो, "मला साधी थाळी दे बेटा. आज पोट जरा..."

ताईंनी आमच्याकडं पाहिलं. मग त्या मुलाला म्हणाल्या, "जरा मालकीणबाईला बोलव."

मालकीणबाई पदराला हात पुसत आल्या. तिशीतल्या असाव्यात. ताईंनी सरळ विचारलं, "बाई, माझ्या या मैत्रिणीला कोंबडी हलाल लागते. तुमच्याकडं कशी येते?"

आमचा चेहरा गरम झाला. ट्रकवाल्यांनी मान वळवून पाहिल्यासारखं वाटलं. खरं तर कुणीही पाहिलं नव्हतं.

मालकीणबाई म्हणाल्या, "कोंबडी दुकानातून येते जी. तिथं कोन कापते, कसा कापते, मले माहीत नाही. खोटं कायले सांगू? मासोळ्या आहेत तलावाच्या, सकाळीच आणल्या. पन तळलेली नका घेऊ. तळाची कढई एकच आहे, तिच्यातच कोंबडीबी तळली. रस्सा पाहिजे तर तो येगळ्या गंजात आहे."

आम्ही ऐकतच राहिलो. आम्ही ज्या प्रश्नांची यादी वर्षानुवर्षं मनात घोळवत होतो, त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं या बाईनं न विचारता दिली. कढईचं तर आम्ही विचारायलाही धजलो नसतो. आणि जे माहीत नव्हतं, त्याला सरळ "माहीत नाही" म्हणाली. आम्हाला विचाराल तर हेच सगळ्यात भरवशाचं उत्तर. "हो हो, सगळं हलालच आहे" असं कुणी घाईनं म्हटलं की मनात शंका उरते. "माहीत नाही" म्हणणाऱ्या माणसाच्या "माहीत आहे" वर विश्वास ठेवता येतो.

मासळीला जबह लागत नाही, हे आपल्या घरातल्या मुलांनाही माहीत असतं. पूर्व विदर्भातल्या आपल्या लोकांना त्यामुळं मोठा आधार आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुने मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. धानासाठी बांधलेले हे तलाव मासळीही देतात. आम्ही साधी थाळी आणि मासळीचा रस्सा सांगितला. मालकीणबाई जाता जाता म्हणाल्या, "पळी नवी घेतो जी."

आता ताई अडखळल्या. म्हणाल्या, "मग मीही साधीच घेते. तुझ्यासमोर कशाला?"

"ताई, तुम्ही घ्या," आम्ही म्हणालो. "मला काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही."

खरंच वाटत नव्हतं. आपल्याकडं याचं मोठं उदाहरण आहे. पैगंबर (सल्ल.) आणि हजरत खालिद बिन वलीद (रजि.) हे हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी जेवायला बसले असतानाची हदीस बुखारीत आहे. दस्तरखानावर वाळवंटातल्या, घोरपडीसारख्या एका प्राण्याचं भाजलेलं मांस आलं. पैगंबरांनी (सल्ल.) हात पुढं केला, तेव्हा घरातल्या स्त्रियांपैकी एकीनं म्हटलं की हे काय आहे ते त्यांना आधी सांगा. सांगितल्यावर त्यांनी हात मागं घेतला. हजरत खालिद यांनी विचारलं की हे हराम आहे का? तर उत्तर आलं की तसं नाही, आमच्या लोकांच्या भागात हे नसतं, म्हणून मन घेत नाही. मग हजरत खालिद यांनी तेच ताट आपल्याकडं ओढून खाल्लं आणि पैगंबर (सल्ल.) पाहत राहिले. त्या प्राण्याच्या मांसाबद्दल इमामांची मतं वेगवेगळी आहेत, तो विषय आज नाही. आम्हाला त्या दस्तरखानाची रीत महत्त्वाची वाटते. यजमानानं न विचारता सांगितलं. एकानं नावं न ठेवता हात आवरला. दुसरा तिथंच बसून जेवला. कुणाचा अपमान झाला नाही. ही हदीस आम्हाला पाठ होती. पण पोटदुखीची कारणं सांगताना ती कधी आठवली नव्हती.

ताईंनी चिकन थाळी सांगितली.

ताटं आली. भात, वरण, दोन पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, वर बारीक चिरलेला सांबार. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. कडेला जवसाची चटणी आणि कैरीची ताजी हिरवी चटणी. रस्सा वेगळ्या वाटीत, गावरान तिखट. आम्ही बिस्मिल्लाह म्हणून घास घेतला. ताईंनी ताटाला हात लावून क्षणभर डोळे मिटले.

जेवण चांगलं होतं. भात मोकळा, वरणाला लसणाची फोडणी. मासळीत काटे भरपूर, पण चव अशी की काटे काढायचा कंटाळा येऊ नये. कैरीची चटणी तर आम्ही दुसऱ्यांदा मागवली. आणि मागवताना सहज ताईंच्या ताटाकडं लक्ष गेलं. त्यांचं सगळं ताट संपत आलं होतं. कैरीची चटणी मात्र त्यांनी पोळीच्या तुकड्यानं ताटाच्या अगदी कडेला सारून ठेवली होती. तिला स्पर्शही केलेला नव्हता.

"ताई, आंबट चालत नाही का तुम्हाला?"

"चालतं की."

"मग चटणी? फार छान झालीय."

ताई हसल्या. "अगं, आमच्या गावात अजून मरका पंडुम व्हायचाय."

पंडुम म्हणजे गोंडीत सण. मरका म्हणजे आंबा. ताईंनी जेवता जेवता सांगितलं, ते असं. नवा आंबा झाडावर धरला की तो लगेच तोडून खायचा नाही. गाव दिवस ठरवतं. त्या दिवशी पहिला आंबा देवाला आणि पूर्वजांना अर्पण होतो. त्यानंतरच माणसांनी खायचा. तोवर कैरी नाही, चटणी नाही, लोणचं नाही. मोहफुलाचं तसंच, नव्या धानाचं तसंच. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असू शकतो. "आमचे म्हातारे म्हणायचे, कोय धरेपर्यंत आंब्याला हात लावू नये," ताई म्हणाल्या. "जंगलाचंही पोट भरलं पाहिजे ना. सगळ्यांनी कोवळंच तोडलं तर पिकायला काय उरेल?"

आम्ही घास हातात धरून ऐकत होतो. आणि ऐकता ऐकता एक गोष्ट आठवली, तसा तो घास ताटात परत ठेवला.

दर एप्रिलला आम्ही स्टाफरूममध्ये कैरीचं पन्हं नेतो. अम्मीची रीत. कैरी उकडून, गूळ आणि भाजलेलं जिरं घालून. मोठी बाटली भरून नेतो आणि सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात देतो. ताई दर वर्षी म्हणायच्या, "माझं बाटलीत भरून दे, घरी नेऊन निवांत पिईन." आम्ही खूश व्हायचो. वाटायचं, ताईंना इतकं आवडतं की घरी घेऊन जातात. त्यांच्यासाठी बाटली जरा जास्तच भरायचो.

"ताई," आम्ही विचारलं, "मग ते पन्हं?"

"शेजारणीच्या लेकरांना द्यायचे. फार आवडीनं प्यायची ती."

"सतरा वर्षं?"

"सतरा वर्षं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"तू एवढ्या मायेनं आणायचीस. नाही कसं म्हणू?" मग पोळीचा शेवटचा तुकडा उचलत त्या म्हणाल्या, "आणि तू कधी विचारलंसही नाहीस."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "आज ऊन जास्त आहे" म्हणावं, तशा सहज म्हणाल्या. म्हणूनच ते फार आत गेलं.

सतरा वर्षं आम्ही समजत होतो की या टेबलावर खाण्यापिण्याचं बंधन असलेली एकटी बाई म्हणजे आम्ही. आमच्यासाठी स्टाफच्या सहलीत भाजी वेगळी निघायची. ती व्यवस्था बहुतेक वेळा ताईच करायच्या, हेही त्या दिवशीच लक्षात आलं. रमजानमध्ये आमच्यासमोर त्या पाणीही प्यायच्या नाहीत, बाहेर जाऊन पिऊन यायच्या. आणि त्याच सतरा वर्षांत त्या दर एप्रिलला आमच्यासारखंच करत होत्या. नाही म्हणायची लाज, म्हणून कारण सांगायचं आणि बाटली घरी न्यायची. आमची पोटदुखी आणि त्यांचं "निवांत पिईन" यांत फरक काय?

आपल्याला कुणी विचारावं, समजून घ्यावं, अशी आपली फार इच्छा असते. आपण कुणाला विचारतो का?

यात आम्हाला जास्त टोचलं ते शिक्षक म्हणून. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं. जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना केळं. तेव्हा यादी करायचं काम आमच्याकडं होतं. पहिल्या दिवशी वर्गात उभं राहून आम्ही विचारलं, "कोण अंडं खात नाही? हात वर करा." दोनच हात वर आले, तेही इकडंतिकडं बघत. दुसऱ्या दिवशी एकेका मुलाला जवळ बोलावून हळू विचारलं, तर सहा जण निघाले. कुणाच्या घरी माळ होती, कुणाला अंड्यानं अंगावर पित्त उठायचं, कुणाला नुसता वास सहन होत नव्हता. त्या दिवशी आम्हाला वाटलं होतं की कसं विचारावं हे आपल्याला कळलं. वर्गातल्या चाळीस मुलांना विचारलं. पण शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला विचारायचं राहूनच गेलं.

आणि खरं सांगायचं तर पंडुमची गोष्ट समजायला आपल्याला जड जायचं कारणच नाही. मगरिबची अजान व्हायला दोन मिनिटं बाकी असतात. समोर खजूर असते, शरबत असतं, घसा कोरडा असतो. तरी लहान मुलाचाही हात पुढं जात नाही. ताटात अन्न आहे, ते आपलंच आहे, तरी वेळ झाल्याशिवाय घ्यायचं नाही. आपली श्रद्धा वेगळी, त्यांची वेगळी. पण ताट समोर असून हात आवरणं म्हणजे काय, हे रोजा ठेवणाऱ्याला कुणी शिकवायला नको.

आम्ही मालकीणबाईंना हाक मारून ताईंच्या ताटातली ती चटणी उचलायला सांगितली. ताई म्हणाल्या, "राहू दे गं, कडेला आहे." मालकीणबाईंना कारण कळलं, तशी त्यांनी जीभ चावली. "सांगायचं ना जी! दुसऱ्या टेबलावरबी असतील तर? उद्यापासून चटणी ईचारूनच वाढतो." आमच्या जुन्या विद्यार्थ्यानं ते ऐकलं आणि पुढच्या टेबलावर जाऊन खरंच विचारायला लागला. "कैरीची चटणी चालते का जी?" ट्रकवाले गोंधळून हो म्हणाले.

शेवटी मालकीणबाईंनी दोन लाडू आणून ठेवले. पहिल्यांदा आलात म्हणून, पैसे नकोत. लाडू काळपट, वास गोड. मोहाचे होते.

आता आमची पाळी. मोह म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर दारूच येते. आमच्या अम्मी तर मोहाच्या झाडाखालून जातानाही नाकाला पदर लावायच्या. ताईंनी लाडूला हात न लावता आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी विचारते. तुला चालेल का?"

आम्ही विचार केला. मोहाचं फूल वेचून वाळवतात. वाळलं की ते मनुक्यासारखं दिसतं आणि चवीलाही गोड लागतं. ते भाजून, तीळ किंवा शेंगदाणे घालून लाडू करतात. दारू व्हायची तर ते पाण्यात भिजवून आंबवावं लागतं आणि मग गाळावं लागतं. द्राक्षांचीही दारू होते, खजुराचीही होते. म्हणून द्राक्ष आणि खजूर आपण सोडत नाही. नशा आणणारी वस्तू मना आहे. हे तर नुसतं वाळलेलं फूल. तरी आम्ही मालकीणबाईंना विचारलं की यात आणखी काय आहे. गूळ, तीळ, थोडं तूप. बस.

"चालेल," आम्ही म्हणालो. मग आठवलं. "आणि ताई, तुमचा मोहाचा पंडुम झाला का?"

ताई इतक्या मनापासून हसल्या की कूलरच्या आवाजातही ते ऐकू गेलं. "झाला. आणि हे फूल तर मागच्या वर्षीचं आहे. पण विचारलंस, बरं वाटलं."

दोन थाळ्या आणि रस्सा मिळून बिल झालं २४० रुपये. ते कुणी द्यायचं यावर झालेला वाद इथं लिहीत नाही. ताई मोठ्या आहेत, जिंकल्या.

घरी आल्यावर मुलीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "अम्मी, मग हॉटेलात गेल्यावर नेमकं काय विचारायचं?" तिला सांगितलं तेच इथं लिहितो. ज्या घरांत अशा ठिकाणी अजिबात जेवत नाहीत, त्यांच्या एहतियातीचा आम्हाला आदर आहे. पण जे जातात, त्यांनी पोट दुखत असल्याचं सांगू नये. खोटं तर ते असतंच, शिवाय समोरच्याला आपल्याला ओळखायची संधीही मिळत नाही. बसण्याआधी, गर्दी नसताना, मालकाला बाजूला घेऊन विचारावं. "तुमचं हलाल आहे ना?" असं विचारलं की समोरचा घाबरून हो म्हणतो. "कोंबडी कुठून येते, तळायची कढई वेगळी आहे का?" असं विचारावं, म्हणजे तो खरं सांगतो. "माहीत नाही" म्हणाला तर त्याचे आभार मानावेत आणि भाजी, वरण, मासळी यांतलं जे निर्धास्त आहे ते घ्यावं. जे घ्यायचं नाही त्याला नावं ठेवू नयेत. पैगंबरांनी (सल्ल.) कधी कुठल्या अन्नाला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही तर राहू दिलं.

आणि शेवटचं, जे आम्हाला सतरा वर्षं सुचलं नाही. आपलं विचारून झालं की सोबत बसलेल्या माणसाला विचारावं, "तुमचं काय? तुम्हाला काय चालत नाही?" ईदला शीरखुर्म्याचा डबा शेजारी देताना विचारावं. मुलांच्या मित्रांना जेवायला बोलावताना विचारावं. विचारल्यानं कुणी लहान होत नाही. मालकीणबाई लहान झाल्या नाहीत, ताई झाल्या नाहीत, आम्हीही झालो नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला. शाळेला सुट्टी होती. पलीकडून ताईंचा आवाज आला. "काल आमच्या गावात पंडुम झाला. आता आण तुझं पन्हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीनं निघालो. पिशवीत दोन बाटल्या होत्या. एक ताईंसाठी. दुसरी त्या शेजारणीच्या लेकरांसाठी, कारण या वर्षी त्यांचा वाटा बुडाला असता. ताईंनी अंगणातच पेला पुढं केला. पहिला घोट घेतला, थांबल्या, पेल्यात पाहिलं.

"जिरं भाजून घालतेस वाटतं?" त्यांनी विचारलं.

सतरा वर्षांनी त्यांना चव कळली होती.